साडूचा मासा

माझ्या साडूकडे माझ्यापेक्षा चांगलं काही आलं की ते मला कोणी सांगावं लागत नाही. तो दिंद्रुडला राहतो, मी माजलगावात. मधे रस्ता आहे, ऊस आहे, उसाच्या ट्रॉल्या आहेत. तरी त्याच्या दारात नवी मोटारसायकल उभी राहिली की इकडे माझा घास खाली उतरत नाही. बायको माझ्या ताटाकडे बघते आणि विचारते, "आता काय घेतलं त्यांनी?"

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. उंच, गोरा, बोलायला गूळ. त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. माझं मोटार रिवायंडिंगचं. विहिरीतली, बोअरमधली जळालेली मोटार माझ्याकडे येते आणि नवी तार आणि वॉर्निश अंगावर घेऊन परत जाते. तो दिवसभर खताच्या गोण्यांत बसतो तरी त्याच्या अंगाला अत्तराचा वास. मी आंघोळ करून, पावडर लावून लग्नाला गेलो तरी शेजारचा माणूस विचारणार, "कुठं वॉर्निश लावलं का हो?"

हेही मी सोसलं असतं. खरा काटा वेगळा आहे. आमचे सासरे तलवाड्याचे शेतकरी. जनावरांची पारख त्यांच्याएवढी पंचक्रोशीत कोणाला नाही. बैलाच्या चालीवरून त्याचा स्वभाव सांगतात. असा माणूस संध्याकाळी पारावर बसून बोलतो तेव्हा गाव ऐकतं. आणि माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, धाकट्या जावयानं हे केलं, धाकट्या जावयानं ते आणलं, हे पाराच्या दगडांनासुद्धा पाठ झालंय. 'थोरल्या जावयानं' असं सुरू होणारं एक वाक्य, फक्त एक, मला त्या पारावर हवं होतं. त्यासाठी मी काय काय केलं ते सगळं इथे लिहीत नाही. फक्त माशाचं लिहितो.

अधिक महिन्यात आम्हा दोघा जावयांना तलवाड्याला धोंड्याचं जेवण होतं. पाट मांडलेले, सासूबाईंनी औक्षण केलेलं, पुरणाचे धोंडे तुपात बुडालेले. तेवढ्यात साडूने पिशवीतून हवा भरलेली, टम्म फुगलेली प्लास्टिकची थैली काढून ताटाशेजारी ठेवली. आत पाणी, आणि पाण्यात काळ्या बिब्ब्यांसारखी काहीतरी वळवळ.

"ह्ये काय आणलं?" सासरे म्हणाले.

"मासं हायेत मामा. ऑस्कर म्हन्त्यात. अमेरिकेच्या खालच्या अंगाला लई मोठी नदी हाय, तिथले. शहरातल्या एका दोस्तानं घरी पिल्लं काढलीत."

"खायचे?"

"न्हाई, बघायचे."

"आमची म्हसपन बघायलाच हाय," सासरे म्हणाले, "पर ती दूध देती."

साडू हसला. त्याचं हे हसणं मला अजिबात आवडत नाही, कारण ते छान आहे. मग म्हणाला, "हे पिल्लू हाताएवढं होतं मामा. फूटभर. मानूस वळखतं. हातातून खातं. निम्मी साडूभाऊंना देतो, निम्मी मी ठिवतो."

सासऱ्यांनी थैली उचलून उजेडाकडे धरली. मासे काही बैल नव्हेत, पण पारखी माणसाचा डोळा गप्प बसत नाही. बघता बघता म्हणाले, "बगू मग कुनाचं जित्राब भरतं ते."

एवढंच बोलले. पण मला पाटावर बसल्या बसल्या रणशिंग ऐकू आलं.

थोरला जावई मी, म्हणून आधी निवडायचा मान माझा. मी तो मान पुरेपूर वसूल केला. परातीत पाणी ओतलं, त्यात पिल्लं सोडली आणि बैलबाजारात फिरावं तसा परातीभोवती फिरलो. अंगाने भरलेली, शेपटी ताठ, डोळ्यात तेज असलेली सगळी मी उचलली. साडूच्या वाट्याला मरतुकडी राहिली. एक तर इतकं बारीक होतं की ते मासा आहे की घाण, यावर चर्चा झाली.

"ऱ्हाऊ द्या," साडू म्हणाला, "लहानच बरी."

असं म्हणणाऱ्या माणसाचा मला राग येतो.

माजलगावात मी बैठकीच्या खोलीत मोठी काचेची टाकी बसवली. पाणी खेळवायला छोटी मोटार मीच बांधली. त्यात मला कोणी हरवू शकत नाही. पिल्लांना खुराक सुरू केला. बाजारचे दाणे, सुकट, पावसात निघालेली गांडुळं, दुकानामागच्या गवतातले टोळ. दुकानातली गिऱ्हाइकं मला टोळामागे वाकून पळताना बघायची आणि मोटार न्यायला उद्या येतो म्हणायची. पिल्लं आपसात भांडली. दांडग्याने बारक्यांना कोपऱ्यात दाबून दाबून संपवलं आणि शेवटी एकटा राज्य करू लागला. काळं अंग, त्यावर शेंदरी रेघा आणि शेपटीच्या मुळाशी शेंदरी गोल, अगदी डोळ्यासारखा. पाठ फिरवली तरी तो आपल्याकडे बघतोच आहे असं वाटायचं. सासऱ्यांसारखं.

मी दुकानातून आलो की तो काचेला येऊन कुत्र्यासारखा सगळं अंग हलवायचा. एकदा टाकीतला दगड मी इकडचा तिकडे केला तर साहेब आडवे होऊन तळाला पडले. मेला म्हणून मी बायकोला हाक मारली. बायको म्हणाली, "रुसलाय. तुमच्यावरच गेलाय." दगड परत जागेवर ठेवला तेव्हा उठला.

आणि पाणी? पाण्याचं काय विचारता! आमच्या भागात पाणी फेकणारा माणूस जन्मलेला नाही. आज धरण शेजारी आहे, नळाला पाणी येतं, पण माझी आई तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भाजीचं धुवण शेळीला आणि पाव्हण्याच्या पेल्यात उरलेलं पाणी तुळशीला घालायची. आमच्या हाडात ते आहे. टाकीभर पाणी मोरीत सोडायचं या कल्पनेनेच मला पाप लागल्यासारखं व्हायचं. मी आटेल तेवढंच पाणी वरून भरायचो. पाणी हळूहळू चहासारखं पिवळं झालं. लोक विचारायचे. मी अभिमानाने सांगायचो, "मुरलंय. लोणचं जसं जुनं तसं चांगलं."

मासा वाढत होता. वीतभर झाला. मग मात्र वीतभरच राहिला. दिवाळी गेली, संक्रांत गेली, साहेब तेवढेच. डोक्यावर बारीक खड्डे पडू लागले. मी खुराक वाढवला. पाणी अजून मुरलं.

अशात मेव्हणीच्या घरी वास्तूचं जेवण निघालं. दिंद्रुडला गेलो. चपला काढायच्या आधी मी त्यांच्या टाकीकडे बघितलं आणि चपला काढायच्या विसरलो.

काय सांगू! परातीएवढा मासा. अंगावर निखारे फुललेले. ओठ जाड, चाल सावकाश, आमदार मंडपात येतात तशी. साडू बोटाने काचेवर रेघ ओढतोय आणि तो बोटामागे फिरतोय.

"त्योच त्यो," साडू म्हणाला. "ज्याला तुमी घाण म्हनलावता."

माझ्या पोटात जे झालं त्याला दुखणं म्हणणं म्हणजे दुखण्याचा अपमान आहे. जेवणात जिलेबी होती. ती मला कडू लागली. मी खाल्ल्या भरपूर, पण कडू लागल्या.

"काय घालता?" मी विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवला.

साडू भिंतीला टेकला. मिशीवरून बोट फिरवलं. "खुराक," तो म्हणाला.

"कसला?"

"खुराक म्हन्जी खुराक, साडूभाऊ. आन् मानसाचा हात. हात लागतो."

म्हणजे माझ्या हातात खोट! पुढचे काही आठवडे मी झोपेत दात खात होतो असं बायको सांगते. मी दाणे बदलले, सुकट बदलली, टाकीवर लिंबू-मिरची बांधली. काचेच्या कोपऱ्यात काजळाचा टिळा लावला. मासा त्या टिळ्यावर धडका मारत बसायचा.

शेवटी मी दिंद्रुडला एक मोटार बसवायचं काम मुद्दाम सकाळचं धरलं. साडू दुकान उघडायला गेलेला असणार याची खात्री केली आणि चहाच्या निमित्ताने घरात शिरलो. मेव्हणी टाकीपाशी होती. हातात बादली. टाकीतलं पाणी काढून, पदर खोचून, अंगणात गुलाबाला आणि मोगऱ्याला घालत होती. मग अंगणातल्या हौदातलं निवलेलं पाणी आणून टाकीत ओतलं.

"हे काय गं?" मी विचारलं.

"रोजचंच हाय दाजी. निम्मीअर्धी टाकी काढते. झाडाला घालायला पानी कुठून आनू? हौदातलं चांगलं पानी झाडाला घालायचं म्हन्लं तर जिवावर येतं. मग ह्याच्यातलं घाण झाडाला, चांगलं माशाला. वाया काईच जात न्हाई."

मी मोगऱ्याकडे बघितलं. फुलांनी पांढरा झालेला, पान दिसत नव्हतं. मग माशाकडे बघितलं. तो स्वच्छ पाण्यात अंग टाकून पडलेला, सरकारी विश्रामगृहातल्या पाहुण्यासारखा.

बघा, पाणी वाया जाऊ नये म्हणून मी ते टाकीत ठेवलं. पाणी वाया जाऊ नये म्हणून तिने ते टाकीतून काढलं. एकाच शिकवणीची आम्ही दोन माणसं!

"साडूंना माहीत हाय?" मी विचारलं.

"त्यांना कशाला सांगायचं? गुलाब त्यांच्या दुकानातल्या औषधानं फुलल्यात असं ते गिऱ्हाइकाला सांगत्यात. सांगू द्या की."

मी चहा दोनदा घेतला आणि घरी आलो.

तरी मोरीत पाणी सोडायला माझा हात होईना. म्हणून आधी झाडं आणली. गच्चीवर रंगाचे रिकामे डबे मांडले, माती भरली, काटेरी वांग्याची रोपं लावली. टाकीतून गच्चीपर्यंत पाणी चढवायला एक छोटा पंप बसवला. बटण दाबलं की पिवळं पाणी वर, वांग्याला. टाकीत निवलेलं नवं पाणी. बायको जिन्यात उभी राहून बघायची. म्हणाली, "येवढं सगळं माशासाठी? मला एक बादली उचलायला कदी मदत केली न्हाई ती."

माशाचे खड्डे भरून आले. रंग चढला. तो थोडा वाढलाही, पण लहानपणी खुंटलेलं अंग ते. साडूच्या जनावराची बरोबरी होणं नव्हतं. मी रोज त्याच्यासमोर बसून उसासे टाकायचो. तो रोज माझ्यासाठी नाचायचा. हरल्याचं त्याला काहीच नव्हतं, हेही मला खुपायचं.

मग तो दिवस आला. सासरे सोयाबीन घेऊन मोंढ्यात आले होते, तिथून जेवायला घरी आले. टाकीसमोर खुर्ची ओढून बसले. मी मागे उभा. सासऱ्यांनी माशाला पुढून बघितलं, बाजूने बघितलं. मासा त्यांच्या पांढऱ्या टोपीमागे इकडून तिकडे फिरला.

"चपळ हाय," सासरे म्हणाले. "पर धाकट्याचा भरला."

संपलं. बायकोने पान वाढलं. मी शून्यात बघत वांग्याची भाजी कालवली. सासऱ्यांनी एक घास घेतला, थांबले, दुसरा घेतला. "वांगी कुठली?"

"वरची. गच्चीवरची," बायको म्हणाली.

सासरे खरकट्या हाताने जिना चढले. मी मागोमाग. एकेक वांगं अंगठ्याने दाबून बघितलं, देठ बघितलं, पान उलटं करून बघितलं. बैल घेताना बघतात तसं. मग खिशातून पिशवी काढून भरायला लागले.

चार-आठ दिवसांनी साडू आला. फोन न करता. अत्तराचा वास होता, पण तोंड उतरलेलं.

"मामा पारावर काय सांगत्यात म्हाइताय का?" तो म्हणाला. "थोरल्या जावयानं वांगी पिकवावी. कृषी केंद्रवाल्याला जमत न्हाई ते मोटारवाल्यानं केलं. साऱ्या तलवाड्याला सांगितलं. माझी गिऱ्हाइकं मला इचारायलीत."

मी ते वाक्य परत म्हणायला लावलं. ऐकू आलं नाही असं सांगून आणखी एकदा.

"औषध कुठलं वापरता?" साडू पुढे सरकला. "दुसऱ्या दुकानातून आनता न्हाई का? साडूभाऊ, मी मेलतो का? कावून दुसऱ्याकडं गेलात?"

अहाहा. इतक्या वर्षांची जिलेबी त्या क्षणी गोड झाली. मी भिंतीला टेकलो. मला मिशी नाही, तरी मिशी असते तिथून बोट फिरवलं.

"खुराक," मी म्हणालो.

"कसला?"

"आन् मानसाचा हात."

मी डोळे मिटून सुख घेतलं. उघडले तर काय? माझ्या टाकीतला मासा काचेला चिकटून, सगळं अंग हलवत, शेपटीपर्यंत थरथरत साडूसमोर नाचत होता. साडूने बोटाने रेघ ओढली आणि तो बोटामागे गेला. माझ्यासाठीसुद्धा इतका कधी नाचला नव्हता.

"गोड हाय हो ह्यो," साडू म्हणाला, आणि तसाच छान हसला.

मी खुंटीवरचा टॉवेल काढला, टाकीवर टाकला आणि बायकोला आत हाक मारून सांगितलं की साडूंचा चहा गच्चीवरच पाठव.