मिरचीच्या डंकावरचा भाऊ आणि प्रोफेसर

कुणी कौतुक केलं की तो चष्मा काढून पुसायला घ्यायचा आणि म्हणायचा, ‘‘विषय बदलूया.’’ अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आम्ही त्याला विनय समजायचो.

लालबागच्या आमच्या चाळीत तो लहानपणापासूनच ‘प्रोफेसर’. गिरण्यांचा संप झाला तेव्हा तो एम.एस्सी.ला होता. थोरला भाऊ गिरणीत साच्यांवर कापड विणायचा. संपात भाऊ मसाल्याच्या डंकावर मिरच्या कुटायला लागला. हाही नोकरी शोधू लागला, तेव्हा भाऊ म्हणाला, ‘‘दोघांनी मिरच्या कुटून संप मिटणार नाय. तू शीक.’’

हा शिकला, परदेशी गेला, क्वांटम संगणकाच्या गणितात रमला. भाऊ चाळभर सांगायचा, ‘‘आमची गिरणी बंद पडली, याचं मशीन अजून सुरूच व्हायचंय.’’

पुढे भावाची छाती बिघडली. फोन माझ्याकडे होता, म्हणून मीच कळवलं, ‘‘लवकर ये.’’

पलीकडून तो म्हणाला, ‘‘काम अगदी हातातोंडाशी आलंय. दुसरे कुणी आधी छापतील. एवढं संपवून निघतो.’’

भाऊ परळच्या इस्पितळात दाराकडे बघत राहिला. हा पोचला तेव्हा तेरावा उरकला होता.

त्याच शोधाने त्याला नाव मिळालं, मुंबईत प्राध्यापकी मिळाली. चाळीच्या मंडळाने सत्कार ठेवला. शाल द्यायला भावाच्या बायकोला, वहिनींना बोलावलं. शाल हातात तशीच धरून त्या म्हणाल्या, ‘‘भावोजी, काय शोधलंत ते मला कळेल असं सांगा.’’

‘‘हे संगणक फार नाजूक, वहिनी. जरा धक्का लागला की हिशेब चुकतो. ती चूक आतल्या आत दुरुस्त कशी करायची, ते.’’

‘‘दुसऱ्या कुणाला जमलं नसतं?’’

‘‘जमलं असतं. महिन्याभरात.’’

‘‘मग एवढ्यासाठी आला नाय?’’

माईक चालूच होता. ‘‘एवढ्यासाठीच,’’ तो म्हणाला आणि मान खाली घालून उभा राहिला. वहिनींनी शाल घातली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

नंतर तो दर रविवारी वहिनींकडे जेवायला यायचा. त्या वाढायच्या, हा ताटात बघून जेवायचा. माफी त्याने मागितली नाही, त्यांनीही दिली नाही. त्याला आंबट सोसत नाही म्हणून रविवारच्या कालवणात कोकम मात्र कमी असायचं.

परवा तो गेला. लग्न केलं नव्हतं. स्मशानात विद्यापीठातली माणसं हार घालून एकेक करून निघाली. वहिनींचे गुडघे धरलेले, म्हणून मी म्हटलं, ‘‘चला, टॅक्सी थांबवलीय.’’

त्या चितेसमोरच्या बाकावरून उठल्या नाहीत.

‘‘तुम्ही व्हा पुढे,’’ म्हणाल्या. ‘‘घरचं कुणीतरी हवं ना.’’