एकदा बघायला हरकत नाही

दुपारच्या खेळाला शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ सारखे चष्मा पुसत होते. पडद्यावर भांडलेले दोन भाऊ बऱ्याच वर्षांनी एका ताटात जेवत होते आणि यांचा चष्मा काही केल्या स्वच्छ होत नव्हता. दिवे लागताच त्यांनी मोठी जांभई दिली.

जिन्यात त्यांच्या बायकोने विचारलं, "कसा वाटला हो?"

"जरा लांबवलाय. पण एकदा बघायला हरकत नाही."

मला हसू आलं. हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य. परवाच्या मारामारीच्या सिनेमाला मी तेच म्हटलं, त्याआधीच्या विनोदी सिनेमालाही आणि ज्यात हुंदके आवरत बसले होते, त्यालासुद्धा. आवडला म्हणणं आपल्या जिवावर येतं. तसं म्हटलं की जणू सिनेमाबरोबर आपणही दिसू.

खाली मी स्कूटरची किल्ली शोधत होते, तर ते गृहस्थ पलीकडेच फोन कानाला लावून उभे.

"दादा, मी बोलतोय. अरे हो, मीच... नाही, काम काही नाही. सहजच केला."

बायको हातातलं हेल्मेट तसंच धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.