शाईचे डाग

मुलाने पुण्याहून प्रिंटर आणला, तेव्हा आमच्या पेठ गावात फक्त आमच्याच घरी फोटोची प्रत निघायची. शेजारच्या भाऊंनी वर्षश्राद्धासाठी आईचा फोटो आणून दिला. त्यांच्याकडे तेवढा एकच होता. प्रिंटरमधली शाई संपलेली होती. मुलगा शनिवारी येऊन भरणार होता, पण मला धीर नव्हता. गाईला इंजेक्शन टोचायची जाड सुईची सिरिंज घेतली आणि कार्ट्रिजमध्ये शाई दाबली. ती उसळली आणि थेट फोटोवर पडली. मी ओल्या टॉवेलने पुसायला गेलो, तर माउलीचा चेहराच निघून गेला.

तेवढ्यात "आण्णा, झाली का प्रत?" म्हणत भाऊ दारात आले. काळी बोटं टॉवेलखाली लपवून मी म्हणालो, "सूनबाईच्या हातून सांडली."

चहा घेऊन आलेल्या सुनेने माझ्याकडे एकदा बघितलं आणि कप भाऊंसमोर ठेवला.

पुढे कितीतरी वर्षं भाऊ तिच्या हातचा चहा घेताना म्हणायचे, "यात शाई तर न्हाई ना घातली?" सगळे हसायचे. मीही हसायचो.

परवा ते पुन्हा तसंच बोलले आणि माझ्याच्याने राहवलं नाही. "भाऊ, शाई मी सांडली व्हती."

भाऊंनी कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलंच नाही. "पोरी, लई बोललो गं तुला."

"तुमचं काय न्हाई वाटलं, भाऊ," ती म्हणाली. "तुमच्यासंगं आण्णा हसायचे, ते लागायचं."