नाव तर बदललं होतं

घरात कुणी रडत आलं की बापूकाका आधी पाणी देत, मग पाट ओढून शेजारी बसत आणि हळूच विचारत, "तो नेमकं काय बोलला? त्याचेच शब्द सांग." रडणाऱ्याला बरं वाटे. आपलं दुःख इतक्या बारकाईनं ऐकणारा माणूस सहसा भेटत नाही. असा जिव्हाळ्याचा माणूस आमच्या अख्ख्या महाल वस्तीत दुसरा नसेल, असं मलाही कितीतरी वर्षं वाटत होतं.

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. एका सरकारी कचेरीत कारकून होते, पण जीव सगळा व्याख्यानांत. सुरुवातीला गणेशोत्सवात ते जाड पुस्तकांतले विचार सांगत आणि लोक हळूच फुटाणे घ्यायला उठून जात. एके वर्षी बोलता बोलता त्यांनी आमच्या आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबांना ऐकू येईनासं झालं होतं. मुलगा मोठ्यानं बोलला की ते रुसत, आणि हळू बोलला की त्यांना काही कळत नसे. मंडप चिडीचूप झाला. घरी येऊन काका वडिलांना म्हणाले, "उपदेश कोणालेच नाही पाहिजे गा. लोकायले शेजारच्या घरात डोकावू दे, मग ते आपलं सारं ऐकतात."

पुढे एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचं सदर सुरू झालं. कळमेश्वरहून, कोराडीच्या वसाहतीतून बोलावणी येऊ लागली. घरी आमच्यासारखंच 'मले-तुले' बोलणारे काका ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले की थेट पुण्याचे वाटत. कुणीतरी पत्रिकेत 'विचारवंत' असं छापलं आणि ते नावाला चिकटलं. मुलगी त्या घरी द्यावी का, म्हाताऱ्याला वेगळं ठेवावं का, असं विचारायला लोक आमच्या दारात येऊन बसत. काकांनी स्वतः लग्न केलं नव्हतं, पण संसारावर त्यांचा शब्द शेवटचा मानला जाई.

माझं वक्तृत्वस्पर्धेचं भाषण त्यांनीच बसवून घेतलं. "पहिल्या वाक्यात माणूस उभा कर. विचार आपल्या पायानं मागून येते," असं ते म्हणाले होते. मी आज वर्गात शिकवते तेही त्याच रीतीनं. बक्षीस मिळालं त्या संध्याकाळी त्यांनी मला बर्डीच्या बाजारात नेऊन आइस्क्रीम खाऊ घातलं आणि परतताना भेटेल त्याला माझं कौतुक सांगितलं. आजी मात्र त्यांची चाहूल लागली की म्हणे, "आला बापू. मिटा आता तोंडं, नाहीतर रविवारी छापून येईल." आम्ही हसत असू. काकाही हसत.

माझी कुसुमआत्या, म्हणजे काकांची पाठची बहीण, अमरावतीचं सासर सोडून परत आली, तेव्हा मी कॉलेजात होते. तिनं तिथलं फारसं कुणाला सांगितलं नाही. काकांना सांगितलं. एका दुपारी ती परसातल्या विहिरीपाशी गेली होती, जीव द्यायला. काठावर बसली, आणि दोरीवरचे कपडे काढायचे राहिलेत हे आठवून परत फिरली. कपडे घड्या करून ठेवले आणि माहेरची बस धरली.

दोन वर्षांनी रीतसर फारकत झाली आणि तिच्यासाठी भंडाऱ्याच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं. विधुर होते, दोन लहान मुलं होती. माणूस शांत. आत्याला ते आवडले होते. ती स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली होती. त्याच सुमारास धंतोलीत काकांचं व्याख्यान झालं. त्यांनी 'मालती' नावाच्या एका बाईची गोष्ट सांगितली. अमरावती तशीच ठेवली, विहीर तशीच ठेवली, आणि शेवट त्या दोरीवरच्या कपड्यांवर केला. सभागृहातल्या बायका पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांत त्या शिक्षकांची बहीणही होती.

आठवडाभरात मध्यस्थ घरी आले. पोरं लहान आहेत, म्हणाले. अशा बाईच्या हवाली करायला घरच्यांचं मन होत नाही.

आत्या ओरडली नाही. काका जेवून उठले तेव्हा तिनं विचारलं, "मले आधी विचारलं काहून नाही?"

"नाव तर बदललं होतं न वं," काका म्हणाले. "अन् एक बाई येऊन पाया पडली माझ्या. व्याख्यान ऐकलं अन् दुसऱ्या दिवशी पोरीले सासरहून घेऊन आली ती. वाचली न एक पोरगी."

"तिची वाचली, चांगलं झालं," आत्या म्हणाली. "पण मी ते तुले सांगितलं होतं, बापू. लोकायले नाही."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिचे हात धरून माफी मागितली. ते नाटक नव्हतं, मी तिथेच उभी होते. पण पुढच्या रविवारी पुरवणीत बहिणीची माफी मागणाऱ्या एका भावावर लेख आला. आत्याचं बोलणं त्यात जसंच्या तसं होतं. इतकी पत्रं त्यांना आधी कधीच आली नव्हती.

आत्यानं धंतोलीतल्या एका दवाखान्यात नोकरी धरली आणि तिकडेच खोली घेतली. सणावाराला ती येई, काकांच्या पानात आग्रहानं वाढी आणि भाज्यांविषयी, उन्हाविषयी बोले. हळूहळू आम्ही सगळेच तसं बोलायला लागलो. काका बैठकीतून स्वयंपाकघरात आले की विषय बदले. त्यांना ते कळत होतं. पुढे पुढे ते त्याच जुन्या गोष्टी सांगत राहिले. तरीही सभागृहं भरत. घरी मात्र ते तासन् तास खिडकीशी बसून राहत.

ते गेले तेव्हा गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. आम्ही कधी न पाहिलेल्या बायका रडत होत्या. आत्या आत भिंतीशी बसली होती. एक अनोळखी म्हातारी तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "तुम्ही नशीबवान हो बाई, असा भाऊ भेटला तुमाले."

"हो," आत्या म्हणाली, आणि तिनं थोडं सरकून तिला बसायला जागा करून दिली.