डिसेंबरात मोजलेला वेग

शेवटची भेट हॉस्पिटलातली. आण्णामामा पलंगावर टेकून बसले होते आणि मी त्यांच्या उजव्या हाताला, पायांकडच्या दाराकडे तोंड करून, विम्याच्या माणसाशी फोनवर हुज्जत घालत होते. मध्येच ते म्हणाले, "जरा या बाजूला ये ना. खिडकीकडे." तिकडे, त्यांच्या डाव्या हाताला, सलाईनचा स्टँड होता. "राहू द्या मामा, नळी ओढली जाईल," मी म्हणाले. "हं..." एवढंच म्हणाले. त्याच आठवड्यात ते गेले. त्यांनी माझ्याकडे काय मागितलं होतं, ते मला तेराव्याला कळलं.

मामा रसायनशास्त्राचे प्राध्यापक. रायफल क्लबमध्ये मला त्यांनीच नेलं. दर रविवारी नाशिक रोडहून त्यांच्या गाडीने आम्ही रेंजवर जायचो. क्लबकडे वापरलेली काडतुसं पुन्हा भरण्याचा रीतसर परवाना होता आणि ते काम मामांकडे होतं. दारू किती भरायची ते पुस्तकात छापलेलं असतं, पण प्रत्येक रायफल वेगळी. बार उडाल्यावर आत दाब किती होतो, ते थेट मोजायची सोय आमच्याकडे नव्हती. म्हणून क्रोनोग्राफ. तिवईवर बसवलेली एक पेटी, गोळी तिच्यावरून गेली की वेगाचा आकडा दाखवणारी. वेग पुस्तकातल्या आकड्याच्या वर गेला, तर आत दाबही वाढला असं समजायचं आणि तिथेच थांबायचं. नव्या मुलांना मात्र आकडा चढला की मार्क वाढल्यासारखा आनंद व्हायचा. मामा म्हणायचे, "टाळ्या कसल्या वाजवता? ताप मोजतोय मी."

तरी चूक त्यांच्याच हातून झाली. त्यांनी भरलेल्या एका खेपेचा वेग डिसेंबरातल्या सकाळी मोजला होता, स्वेटर घालून. आकडा पुस्तकातल्या मर्यादेला जेमतेम टेकला होता. तीच काडतुसं मेमध्ये बंद गाडीत तापली आणि मी त्यातलं एक झाडलं. गरम दारू जास्त जोर करते, हे रसायनशास्त्राच्या माणसाला कोणी सांगायला नको होतं. काडतुसाची टोपी फुटून आतला वायू मागे आला. चष्म्यामुळे डोळा वाचला. उजव्या गालावर डोळ्याखाली भाजलं, त्याचा डाग राहिला.

माझी आई भावाला काय ते बोललीच. "तिचं लग्न झालंय म्हणून बरं आण्णा, नाहीतर नवरा तुलाच शोधावा लागला असता." मामा खाली बघून म्हणाले, "मी डिसेंबरात मोजलं गं." ते वाक्य पुढे त्यांनी माझ्यासमोर कितीदा तरी सुरू केलं. दर वेळी मी म्हणाले, "मामा, संपला तो विषय." मला खरंच राग नव्हता. डाग माझा, मला त्याचं काही वाटत नाही, मग यांना कशाला वाटायला हवं... असा माझा हिशेब.

त्यानंतर दर मेमध्ये, भर दुपारी, मामा नव्या खेपेतली काही काडतुसं थाळीत मांडून उन्हात ठेवत. शेजारी थर्मामीटर. मग क्रोनोग्राफ लावून वेग मोजत आणि आकडा वर गेला की ती सगळी खेप हाताने उकलून टाकत. क्लबातली मुलं विचारायची, "मामा, कुरडया वाळल्या का?" मामा म्हणायचे, "कच्च्या आहेत. तू खाऊन बघ."

आणि गाडी मी चालवू लागले. अपघातानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी चावी माझ्या हातात दिली आणि स्वतः डावीकडे बसले. मला वाटलं, वय झालं. "फुकटची ड्रायव्हर मिळाली तुम्हाला," असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले आणि ते हसत आले.

तेराव्याला भांडी आवरताना मामी म्हणाल्या, "देवळ्याला, नांदगावला, सगळीकडे स्वतःच चालवायचे. फक्त तुझ्याबरोबर नाही. ती डावीकडे बसली की तो गाल माझ्याकडे येतो, म्हणायचे." मग ताट पुसत सहज म्हणाल्या, "हॉस्पिटलात म्हणत होते, एकदा नीट बघतो आणि बोलून टाकतो. बोलले का?"

मी नाही म्हणाले. का नाही, ते सांगायची लाज वाटली. त्यांना आयुष्यभर नजर वर करता आली नाही आणि मी ते आरामात बसणं समजले. शेवटी त्यांनी हिंमत केली, तर मी सलाईनच्या नळीची काळजी केली. मोठेपणा म्हणून जे मी मिरवलं, ते त्यांना बोलू न देणं होतं.

गाडी मामींनी मला दिली आहे. डावीकडची सीट अजून त्यांनी ठेवली होती तशीच मागे सरकवलेली आहे. या मेमधली मोजणी माझ्याकडे आली, म्हणून परवा दुपारी थाळी नि क्रोनोग्राफ मागच्या सीटवर ठेवून निघाले. द्वारका चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मी मान पूर्ण वळवली, उजवा गाल त्या सीटवरून दिसेल इतकी. "बोला मामा," म्हणाले. सिग्नल कधी सुटला कळलं नाही. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, तेव्हा निघाले.