वल्हेदादा चोर नाही

अन्याय वल्हेदादावर झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या दुपारी, भर उन्हात, पैनगंगेच्या काठावर झाला. कागदावर तो गुळाची काहील चोरणारा चोर आहे. सरकार बदललं, कागद बदलला नाही. चळवळीचे कैदी गळ्यात हार घालून बाहेर आले. हा अजून आतच आहे, कारण चोराला कोणी हार घालत नाही.

आधी माणूस सांगतो. वल्हेदादा भित्रा होता. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा, कॉलेजच्या चौघांच्या होडीत वल्हं मारणारा, कलकत्त्याच्या तलावावर ढाल जिंकून आलेला, पाठ दरवाजाएवढी रुंद. आणि प्रत्येक शर्यतीआधी हा गडी ओकायचा. त्याची त्याला लाज नव्हती. म्हणायचा, "पोटातलं भेव आधी बाहेर टाकावं. मंग हात मोकळे होतात."

त्याचं शिक्षण निम्मं रेल्वेत झालं. पहाटे पाण्यावर, दिवसभर वर्गात, संध्याकाळी पुन्हा पाण्यावर. उरलेली गणितं तो हिंगोली ते पूर्णा आणि पूर्णा ते मनमाड अशी मांडीवर वही ठेवून सोडवायचा. काठावरचा आमचा म्हातारा भोई त्याला साहेब म्हणायचा, तेही चिडवायला. नाव हाकायला कॉलेज काहून लागतं, आमचा बाप कोणत्या वर्गात बसला होता, असं भर चावडीत विचारायचा. दादा सगळ्यात मोठ्यानं हसायचा.

औंदा आषाढात तो आईला न्यायला आला. आईला नदीपलीकडे, संस्थानाच्या हद्दीबाहेर वऱ्हाडात मामाकडे पोचवायचं आणि परीक्षेला पुणं गाठायचं, एवढाच बेत. पण तेव्हा आमच्या काठाला संस्थानाच्या खाकीवाल्यांनी काय करून ठेवलं होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी लोक दाराला आतून मुसळ लावून जेवत होते. कुत्रं भुंकलं की हातातला घास हातात राहायचा. भोईची नाव फोडून ठाण्यापुढे टाकली होती, आणि नदीला पूर.

तेव्हा दादानं पाटलांच्या गुऱ्हाळातली काहील मागितली. गूळ आटवायची ती मोठी लोखंडी कढई. पाटलांनी ती स्वतःच्या हातानं काढून दिली. मी तिथे उभा होतो. दादानं सुताराकडून बाभळीची दोन वल्ही करून घेतली आणि काहीलीच्या दोन कड्यांना काथ्यानं बांधली. पहिल्या दिवशी ती जात्यासारखी जागच्या जागी फिरली. आयुष्यभर तो होडीत एकाच बाजूचं वल्हं ओढत आलेला. उजवा हात डाव्याला ऐकेना. भोई पोट धरून हसला. "साहेब, लई जोर लावून राहिले तुमी. काहील हाय ती, बैल न्हाई."

चार दिवसांत ती सरळ जाऊ लागली. आई पलीकडे गेली. मग शेजारची बाळंतीण, मग सोनार, मग कोण कोण. रोज तो म्हणायचा, उद्या गाडी धरतो. रोज कोणीतरी लेकरू काखेत घेऊन दारात उभं असायचं. निघताना तो बाभळीआड जाऊन ओकून यायचा आणि काहीलीत बसायचा. परीक्षा झाली. गाडी गेली. दादा इथेच.

तो बसायचा मात्र शर्यतीसारखाच, जायच्या दिशेला पाठ करून. पुरात तोंड पुढे करून जोर लागत नाही, हे त्याचं म्हणणं. होडीत समोर एक जण सुकाणूला असतो आणि तो पुढचं बघतो. इथे त्या जागेवर मी, चळवळीच्या पत्रकांची गाठोडी पोटाशी धरून. पहिल्याच दिवशी त्यानं मला बजावलं, "तुझं काम एकच. पुढं काही दिसलं तर वरडायचं. गप बसलास तर वाट मोकळी हाय असं मी धरून चालतो."

करीच्या दुपारी त्यानं मला आणि तिघांना पलीकडे उतरवलं आणि उरलेल्यांना जागा हवी म्हणून एकटाच परत फिरला. पाठ आपल्या गावाकडे, तोंड आमच्याकडे. तो मधोमध असताना गावच्या काठावर तुरीतून खाकीवाले बाहेर आले. हातात बंदुका. उरलेली माणसं पळाली. आम्ही चौघांनीही सगळं पाहिलं. दादाला फक्त आमची तोंडं दिसत होती.

हाक ऐकू गेली असती. पण बंदुकीची गोळीही आमच्यापर्यंत पोचली असती. मी ओरडलो नाही. कोणीच नाही. तो एकसारखी वल्ही ओढत, थेट त्यांच्या पायाशी जाऊन लागला.

त्या संध्याकाळी खाकीवाल्यांनी पाटलांना विचारलं, काहील कोणी दिली. पाटील म्हणाले, चोरीला गेली. मी त्यांना काय बोलू? मी पलीकडच्या काठावर होतो, तेवढाच फरक.

आता खाकीवाले नाहीत. तरी मी घरोघर गेलो तर लोक म्हणतात, बाबा, आमचं नाव कुठं घालू नको. कशाची भीती आहे अजून?

पाटील, कचेरीत या आणि काहील मी दिली म्हणून सांगा. आणि जे जे तिच्यात बसून गेलात ते सगळे, एक आठवडा बाळापूरचा बाजार बुडवा आणि तालुक्याला या. नाव सांगा, अंगठा द्या. जबाबाच्या कागदावर पहिलं नाव मी माझं लिहिलं आहे. त्याखाली तुमचं लिहा.