चांदणीला दुसरा डोस दिला नाही

मित्रांनो, आज मोहाडीत काकांच्या चांदणी घोडीला नाल ठोकायचे होते. ती लाथा मारते, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं गुंगीचं औषध मी मोजून तिच्या तोंडात घातलं.

अर्धा तास झाला, तरी ती कान टवकारून उभी. काका म्हणाले, "काही होऊन नाही राहिलं बे, उरलेलंही देऊन टाक."

मी घाबरून डॉक्टरांना फोन लावला. मागचा गलका ऐकून ते म्हणाले, "दुसरा डोस नको, जिवावर बेतेल. आधी गर्दी हटवा, गोंगाटात गुंगी चढत नाही."

खरंच, घोडी कशी पेंगते ते पाहायला अर्धी गल्ली जमली होती! सगळ्यांना बाहेर काढल्यावर चांदणीनं मान खाली टाकली. नाल बसले.

आता काकाच दारात बसून दटावत आहेत, "हळू बोला बे! ती पुरी जागी होईस्तोवर चाराही नाही, घशात अडकेल."

तुम्ही असता तर थांबला असता का?